जहाजं चालू, मालकी गेली: ग्रेट ऑफशोअरची गोष्ट

परवाच्या व्हिडिओत तारण या विषयावर बोलताना मी ग्रेट ऑफशोअरचं नाव घेतलं आणि पुढे सरकलो. त्यावर खोपोलीच्या दोघा-तिघांनी विचारलं, सर, ही कंपनी नक्की काय करायची आणि ती बुडाली कशी? व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. आपल्या कर्जत-खालापुरात फार्महाऊसचे प्लॉट पडतात. प्लॉट एकाचा, पण सपाटीकरण जेसीबीवाला करतो, दगड डंपरवाला आणतो, बोअर मारायला गाडी तिसऱ्याचीच येते. प्लॉट विकला गेला काय नि नाही काय, जेसीबीवाल्याला त्याच्या तासांचे पैसे मिळतात. समुद्रातल्या तेलाचं अगदी असंच आहे. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबई हायला तेल शोधलं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत, भर समुद्रात. तेल ओएनजीसीचं. पण तिथे सामान पोचवणारी जहाजं, रिग ओढून नेणारे टग, भाड्याच्या रिग, हे सगळं पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यांना म्हणतात ऑइलफिल्ड सर्व्हिसेस. भाडं दिवसावर ठरतं, करार वर्षांचा. तेलाला भाव असला की सगळ्यांना जहाज हवं असतं. भाव पडला की जहाज धक्क्याला, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. ज्यांनी हप्त्यावर पोकलेन घेतलाय त्यांना हे मी समजवायला नको.

आता कंपनी. मुंबईची ग्रेट ईस्टर्न शिपिंग 1948 ची. मालवाहू जहाजांचा मोठा, जुना धंदा. मुंबई हायचं काम वाढलं तशी त्यांनी ऑफशोअरची शाखा काढली. पुढे शेठ कुटुंबात वाटण्या झाल्या. हा ऑफशोअरचा भाग वेगळा काढून ग्रेट ऑफशोअर नावाची कंपनी झाली, 2006 मध्ये ती शेअर बाजारात आली, आणि विजय शेठ यांच्याकडे गेली. मूळ शिपिंग कंपनी दुसऱ्या बाजूकडे राहिली. वाटणी म्हणून बघाल तर वाईट मुळीच नव्हती. चालता धंदा, चालती जहाजं, ओएनजीसीसारखं गिऱ्हाईक.

मग अडचण कुठे आली? प्रवर्तकाने, म्हणजे मालकाने, स्वतःचे शेअर तारण ठेवून पैसे उचलले होते. जुलै 2008 मध्ये तेल 147 डॉलरपर्यंत गेलं होतं, डिसेंबरात 40 च्या खाली आलं. बाजार कोसळला, शेअरही कोसळला. तारणाची किंमत अर्धी झाली की सावकार म्हणतो, आणखी तारण द्या नाहीतर पैसे द्या.

आणि इथे सावकार कोण होता हे बघा. भारती शिपयार्ड. जहाजं बांधणारी कंपनी, 1973 ची, रत्नागिरीला यार्ड असलेली, म्हणजे आपल्या कोकणातलीच म्हणा ना. बँकेला तुमची जहाजं नको असतात, तिला व्याज हवं असतं. पण तुमच्याच धंद्यातल्या माणसाला तारणातली वस्तूच हवी असू शकते. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा मुद्दा हाच. कर्ज किती घेतलं यापेक्षा कोणाकडून घेतलं, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही.

मे 2009 मध्ये भारतीने ते शेअर स्वतःकडे घेतले. भाव 315 रुपये, हिस्सा 14.89 टक्के. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. तेव्हाच्या सेबीच्या नियमाप्रमाणे 15 टक्क्यांवर गेलं की बाकीच्या भागधारकांना ओपन ऑफर द्यावी लागायची. म्हणजे बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे पाय. मग भारतीने स्वतःच 344 रुपयांची ओपन ऑफर काढली. तेवढ्यात दुसरी जहाजबांधणी कंपनी, एबीजी शिपयार्ड, मध्ये पडली आणि 375 म्हणाली. लिलावात बैलावर बोली चढते तसं सुरू झालं. शेवटी भारती 590 पर्यंत गेली आणि एबीजी आपला हिस्सा विकून बाहेर पडली. मे महिन्यात 315 ला घेतलेली वस्तू वर्ष संपता संपता 590 ला! मूळ मालक तोवर चित्रातून गेलेला.

जिंकलेल्याचं काय झालं म्हणाल, तर 2014 नंतर तेल पुन्हा पडलं, जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्याही खाली. भारती कर्जात बुडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2019 मध्ये लिक्विडेशनचा आदेश झाला. एबीजीचंही तेच, त्याच वर्षी. वर 2022 मध्ये सीबीआयने एबीजीवर 22,842 कोटींच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला.

ग्रेट ऑफशोअर तोवर जीओएल ऑफशोअर झाली होती. तिचं 'मालवीय सेव्हन' हे जहाज 2016 मध्ये स्कॉटलंडच्या अॅबरडीन बंदरात अडकलं. खलाशी भारतीय, पगार थकलेले. जहाज सोडलं तर पैशावरचा हक्क सुटेल या भीतीने माणसं महिनोन्‌महिने त्या थंडीत जहाजावरच राहिली. 2017 मध्ये कोर्टाने जहाज विकायला लावलं, तेव्हा त्यातून त्यांचे पगार निघाले. शेअर तारण ठेवताना यांना कोणी विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे ज्यांनी हा भाग वाटणीत सोडला, त्या ग्रेट ईस्टर्नने ग्रेटशिप या उपकंपनीतून पुन्हा याच धंद्यात जम बसवला. आज त्यांच्या रिग आणि जहाजं आहेत. तेव्हा धंदाच वाईट होता, असं कोणी म्हणू नका.

आता तुमच्या-माझ्या मापात. बिनशेती प्लॉट बँकेकडे गहाण असेल आणि हप्ते थकले, तर सरफेसी कायद्यात बँकेला 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमिनीला तर तो कायदाच लागू नाही. म्हणजे हालचालीला वेळ मिळतो. शेअरचं तारण त्यामानाने फार झटपट हातातून जातं. भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये असाल आणि माल पुरवणारा म्हणाला, 'अहो, बँकेत कशाला जाता, मी देतो, तुमचा हिस्सा तेवढा लिहून ठेवू', तर कागद आधी सीएला दाखवा.

मोठ्या कंपनीला उधारीवर काम देत असाल तर अजून एक बघता येतं. सत्यमचं प्रकरण झाल्यावर, 2009 पासून, लिस्टेड कंपनीच्या प्रवर्तकाने किती शेअर तारण ठेवलेत हे जाहीर करावं लागतं. शेअर बाजाराच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका, शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा, तारणाचा रकाना सापडेल. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' मध्ये बोजा बघतो ना, तसंच. तो मोबाइलवर नेमका कुठे दिसतो, हे पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.