घरी बांधलेल्या मोटारीचा वेग मोजताना...

ब्रिटनमध्ये सुटे भाग जुळवून घरच्या गॅरेजमध्ये मोटार बांधण्याचा छंद जुना आहे. १९५७ मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ ही छोटी स्पोर्ट्स कार सुट्या भागांच्या स्वरूपातही विकली जात असे. त्यामुळे ग्राहकाचा खरेदीकर वाचे. आज अशा मोटारीला रस्त्यावर उतरण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जावे लागते. त्यात स्पीडोमीटरही कसोटीला लागतो. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त असला तर चालतो; कमी मात्र मुळीच चालत नाही.

पूर्वी गिअरबॉक्समधून निघालेली फिरती केबल मीटरचा काटा हलवीत असे. इलेक्ट्रॉनिक मीटरला ती लागत नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या बोल्टांसमोर एक संवेदक (सेन्सर) बसवतात. लोखंडी बोल्टचे डोके समोरून गेले, की तो विजेचा एक स्पंद मीटरकडे पाठवतो. चाकाच्या एका फेरीत गाडी १.८ मीटर पुढे जात असेल आणि बोल्ट चार असतील, तर एका किलोमीटरला सुमारे २,२२२ स्पंद होतात. हा आकडा मीटरमध्ये भरावा लागतो. टायर वजनाने दबतो. त्यामुळे फेरीची लांबी चालक आत बसलेला असताना, गाडी ढकलून मोजणे योग्य.

खरी कसोटी असते ती संवेदक बसवण्याची. संवेदक आणि बोल्ट यांतील अंतर साधारण एक मिलिमीटर इतकेच ठेवतात. ते वाढले आणि चारपैकी एक बोल्ट जरी ‘दिसेनासा’ झाला, तर गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असताना मीटर ६० दाखवील. म्हणून संवेदकाची पट्टी जाड व ताठ हवी. ती सांगाड्यावर नव्हे, तर चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या भागावर बसवावी लागते. वायरला त्या हालचालीपुरती ढील द्यावी आणि ती स्पार्क प्लगच्या वायरींपासून दूर न्यावी. अन्यथा खोटे स्पंद मोजले जाऊन काटा उड्या मारतो.

पुढे मोठ्या घेराचे टायर बसवले, तर मोजणी नव्याने करणे आवश्यक ठरते. मीटर केवळ स्पंद मोजतो. त्यांचा अर्थ बरोबर लावण्याची जबाबदारी गाडी बांधणाऱ्याचीच.