नवी कॉइल, तरी चव जळकी का?

व्हेपची कॉइल नवीकोरी, तरी पहिल्याच झुरक्याला करपट चव का? मी इंजिनिअर, म्हणून आधी आतली रचना सांगतो. तापणाऱ्या तारेला लागून कापूस असतो. तो द्रवाने ओला असेल तर उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. कोरडा असेल तर तापमान झपकन चढतं आणि कापूसच करपतो. म्हणून द्रव भरल्यावर ५-१० मिनिटं थांबतात, सुरुवात कमी वॅटवर करतात. एकदा करपला की इलाज नाही, कॉइल बदलायची.

पण ही चव म्हणजे इशारा आहे बरं का! अति तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखी विषारी रसायनं निघतात. चव सुधारली तरी निकोटिन तेवढंच राहतं. आणि भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदीच आहे.