कंबरेपासून वर : रॉक संगीत आणि दूरचित्रवाणी यांचा जुना मामला

माझ्या आईच्या काळ्या शिवणयंत्रावर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ असे नाव होते, आणि शिवणयंत्राला गायक का म्हणावे हा प्रश्न इंग्रजीची मुळाक्षरे जुळवू लागल्यापासून मी तिला विचारीत असे. यंत्र चालू झाले की ऐकत बस, कळेल, एवढेच ती म्हणे. त्या कंपनीचा गाण्याशी आलेला खराखुरा संबंध मला पुढे कित्येक वर्षांनी एका पुसट चित्रफितीवरून उमगला. ३ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेच्या एन.बी.सी. वाहिनीने एल्व्हिस प्रेस्लीचा जो तासाभराचा कार्यक्रम दाखवला, त्याचा खर्च याच शिवणयंत्रवाल्यांनी उचलला होता, आणि कार्यक्रमाच्या नावातही एल्व्हिसच्या आधी त्यांचेच नाव होते. रॉक संगीताविषयी आणि ते दाखवणाऱ्या काचेच्या पेटीविषयी माझी जी काही मते आहेत, ती बहुतेक सर्व त्या एका तासात बनली. हा आढावा त्याच मापाने घेतलेला आहे, तेव्हा समतोलाची अपेक्षा वाचकाने ठेवू नये.

माझे म्हणणे असे की, या संगीतावर दूरचित्रवाणीने जो दीर्घकाळ अंमल गाजवला, त्यात जेथे बंदोबस्त चोख होता तेथे हाती फारसे काही लागले नाही, आणि जेथे बंदोबस्त ढासळला तेथेच पुन्हा पाहावेसे काही उरले.

प्रारंभीचे प्रकरण सर्वश्रुत आहे. एड सुलिव्हान हा न्यूयॉर्कचा वृत्तपत्रीय सदरलेखक रविवारी रात्री आठ वाजता सी.बी.एस. वाहिनीवर जो कार्यक्रम सादर करी, त्यात कसरतपटू, बोलक्या बाहुल्या, ऑपेराच्या गायिका आणि विनोदवीर हे सर्व एकाच ताटात वाढलेले असत. एल्व्हिसला आपण बोलावणार नाही असे सांगणाऱ्या या गृहस्थाने, प्रतिस्पर्धी वाहिनीने त्याच एल्व्हिसच्या जोरावर आपल्याला मागे टाकलेले पाहताच, तीन कार्यक्रमांसाठी पन्नास हजार डॉलरांचा करार केला. त्यांपैकी ९ सप्टेंबर १९५६ चा पहिला कार्यक्रम सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिला. ६ जानेवारी १९५७ च्या तिसऱ्या खेपेस मात्र फर्मान सुटले, की कॅमेऱ्याने कंबरेच्या खाली उतरू नये. पडद्यावर कंबरेपासून वरचा एल्व्हिस, आणि जे दिसत नाही त्याची वर्दी देणाऱ्या स्टुडिओतल्या मुलींच्या किंकाळ्या, असा तो देखावा आहे. लावणीच्या फडाशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला ठाऊक असते, की झाकलेल्याची ओढ उघड्यापेक्षा अधिक. न्यूयॉर्कच्या अंमलदारांना हे कोणी सांगितले नसावे. त्याआधी जुलैत दुसऱ्या एका वाहिनीने त्याला टेलकोट चढवून, डोक्यावर टोपी घातलेल्या एका कुत्र्यासमोर गायला लावले होते. तो प्रसंग मी दोनदा पाहावयास घेतला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर टाकला.

बीटल्सच्या ९ फेब्रुवारी १९६४ च्या सुलिव्हान कार्यक्रमाविषयी इतके लिहून झाले आहे, की सात कोटी तीस लाख प्रेक्षकांचा तो आकडा पुन्हा उगाळण्यात हशील नाही. माझे लक्ष दर वेळी वेगळ्याच गोष्टीकडे जाते. चौघांचे चेहरे आळीपाळीने दाखवताना खाली नावे येतात, आणि जॉन लेननच्या नावाखाली, मुलींची क्षमा मागून, हा गृहस्थ विवाहित असल्याची नोंद येते. सात-बाराच्या उताऱ्यात तलाठ्याने ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढवावा, तशी! एवढा कल्लोळ चालू असताना कोणी तरी शांतपणे दप्तर लिहीत बसले होते, हे मला त्या संध्याकाळच्या गाण्यांइतकेच संस्मरणीय वाटते.

१७ सप्टेंबर १९६७ या रविवारची नोंद मात्र सविस्तर केली पाहिजे. त्या रात्री आठ वाजता ‘द डोअर्स’ हा कॅलिफोर्नियाचा वृंद सुलिव्हानच्या मंचावर होता. गीतातला एक शब्द नशेचा सूचक वाटतो, तो बदलून गावा, अशी सूचना त्यांना झाली होती. त्याच वर्षी जानेवारीत ‘रोलिंग स्टोन्स’नी अशीच सूचना मान्य करून, डोळे फिरवीत का होईना, बदललेले शब्द गायले होते. डोअर्सचा गायक जिम मॉरिसन याने मात्र मूळचा शब्द जसाच्या तसा गायला, आणि वृंदाला त्या मंचावर पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. त्याच वाहिनीवर, तासाभराने, स्मदर्स बंधूंच्या विनोदी कार्यक्रमात ‘द हू’ या इंग्रज वृंदाचा ध्वनिचित्रमुद्रित अंश दाखवण्यात आला. त्यांचा ड्रमवादक कीथ मून याने आपल्या ड्रममध्ये ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक दारू ठासली होती. शेवटच्या ठोक्याला असा स्फोट झाला, की गिटारवादक पीट टाउनशेंडच्या केसांना झळ लागली, आणि टॉम स्मदर्स हातात गिटार घेऊन त्या धुरात भांबावलेला उभा राहिला. एका वाहिनीवर, एका रात्री, दोन तासांत एवढी हुकूमउदुली झाली. दूरचित्रवाणीवरील रॉकचा इतिहास लिहिणाऱ्याने इतर काही गाळले तरी चालेल, ही रात्र गाळू नये.

आता शिवणयंत्राच्या कार्यक्रमाकडे वळतो. १९६८ च्या जूनमध्ये बरबँकच्या स्टुडिओत ध्वनिचित्रमुद्रण चालले, तेव्हा एल्व्हिसला प्रेक्षकांसमोर गाऊन सात वर्षे लोटली होती. मधला काळ सुमार चित्रपटांत गेला होता. त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याची तजवीज अशी, की नाताळची गाणी गावीत, प्रेक्षकांना शुभेच्छा द्याव्यात आणि घरी जावे. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर याने ती मान्य केली नाही. तालमी आटोपल्यावर एल्व्हिस आपल्या खोलीत मित्रांसमवेत जी जुनी गाणी गात बसे, ती बाइंडरने ऐकली होती, आणि तेथेच कॅमेरा न्यावा असा त्याचा आग्रह होता. पार्करने त्यास नकार दिला, तेव्हा तडजोड अशी झाली, की तीच बैठक मंचावर मांडावी.

मंच कुस्तीच्या आखाड्याएवढा, चौकोनी. चहूबाजूंनी प्रेक्षक अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असे बसलेले. काळ्या चामड्याच्या पोशाखात एल्व्हिस, शेजारी त्याचा जुना गिटारवादक स्कॉटी मूर, आणि ड्रमवादक डी. जे. फोंटाना, ज्याच्यापुढे ड्रम नाहीत म्हणून तो गिटारच्या रिकाम्या पेटीवर काठ्यांनी ताल धरतो आहे. एल्व्हिस काही वेळाने मूरकडून त्याची विजेवरची गिटार मागून घेतो. कपाळावरून घाम ओघळतो, तो पुसावयास कोणी येत नाही. मध्येच तो ओठाचा एक कोपरा वर उचलून स्वतःचीच नक्कल करतो आणि हसतो. अकरा वर्षांपूर्वी ज्या हालचालींवर फर्मान निघाले होते, त्यांची तो आता करंगळी हलवून थट्टा करतो. बैठकीच्या गाण्यात गवय्या एखादी जागा घेऊन साथीदाराकडे पाहतो, आणि त्या पाहण्यात पुढच्या आवर्तनाचा करार होतो. तसे पाहणे मी रॉक संगीताच्या चित्रफितींत फार थोड्या वेळा पाहिले आहे, आणि येथे ते क्षणोक्षणी आहे. शेवटी नाताळचे गीत नव्हतेच. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या त्या वर्षीच्या हत्यांनंतर खास रचून घेतलेले एक नवे गीत होते. साडेचार वर्षांनी, जानेवारी १९७३ मध्ये, हाच एल्व्हिस हवाईहून उपग्रहाद्वारे देशोदेशी दिसला, पांढऱ्या रत्नजडित पोशाखात, भल्या मोठ्या वाद्यवृंदासह. तो सोहळा होता. ती बैठक नव्हती.

इंग्लंडात बी.बी.सी.चा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झाला आणि ३० जुलै २००६ रोजी बंद पडला. एवढ्या दीर्घ हयातीत त्याचा मुख्य उद्योग म्हणजे तबकडी लावून गायकांना ओठ हलवायला लावणे, असे माझे मत आहे, आणि ते सौम्य करण्याची माझी तयारी नाही. अपवाद होतेच. जुलै १९७२ मध्ये डेव्हिड बोवीने गाता गाता आपला गिटारवादक मिक रॉन्सन याच्या खांद्यावर हात टाकला. आज त्या कृतीत काही वाटणार नाही, परंतु त्या गुरुवारी आईबापांसमवेत ती पाहिलेली कित्येक मुले पुढे स्वतः गायक झाली आणि जन्मभर तिच्याविषयी बोलत राहिली.

याच बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर सप्टेंबर १९७१ पासून ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ हा कार्यक्रम लागत असे, आणि माझा कौल त्याच्या बाजूने आहे. स्टुडिओ इतका लहान, की प्रेक्षकांना जागाच नव्हती. पाठीमागे उघड्या भिंती. निवेदक बॉब हॅरिस एवढ्या हळू बोले, की शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे असे वाटावे. गाणे संपले की टाळ्या नाहीत, नुसती शांतता. अर्थात या गांभीर्यालाही मर्यादा होती : १९७३ मध्ये ‘न्यूयॉर्क डॉल्स’ हे रंगरंगोटी केलेले तरुण तेथे वाजवून गेले, तेव्हा हॅरिसने त्यांची लटके रॉक अशी बोळवण केली, आणि काळाने हॅरिसच्या विरुद्ध निकाल दिला.

या सर्व कथेत आपल्या पाचगणीचाही वाटा आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा १९५५ पासून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तेथेच पियानो शिकला, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शालेय वृंदात वाजवू लागला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या ‘क्वीन’ या वृंदाने नोव्हेंबर १९७५ मध्ये आपल्या जवळजवळ सहा मिनिटांच्या गीतासाठी चार-एक तासांत एक चित्रफीत करून घेतली. इतके गुंतागुंतीचे गाणे ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर ओठ हलवून सादर करणे हास्यास्पद झाले असते, हे त्यामागचे एक कारण. आणि १ डिसेंबर १९७६ रोजी याच क्वीनला लंडनच्या एका सायंकालीन कार्यक्रमास जाता आले नाही, म्हणून आयत्या वेळी ‘सेक्स पिस्टल्स’ना बोलावण्यात आले, निवेदक बिल ग्रंडी याने त्यांना डिवचले, त्यांनी अपशब्दांची लाखोली वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या इंग्लंडला पंक म्हणजे काय ते कळले. पाचगणीचा विद्यार्थी त्या दिवशी हजर असता, तर हा इतिहास निराळा झाला असता.

१ ऑगस्ट १९८१ ला निघालेल्या एम.टी.व्ही.विषयी मी थोडक्यात आटोपतो. आमच्याकडे ती १९९१ नंतर हाँगकाँगच्या स्टारमार्फत आली, गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलच्या तारेने. पावसाची सर आली की गायकाचा चेहरा मुंग्यांत विरून जाई आणि केबलवाल्याच्या नावाने हाका सुरू होत. तीन मिनिटांच्या गीतात शंभर तुकडे जोडण्याची रीत तिने रुजवली, आणि वादकाची बोटे तारांवर कोठे आहेत हे पाहण्याची सोय काढून घेतली. तरी तिच्याच अंगणात १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘निर्वाणा’ची बैठक झाली. कर्ट कोबेनने लिलीची फुले आणि काळ्या मेणबत्त्या मागवल्या, गाजलेली बहुतेक गाणी वगळली आणि दुसऱ्यांची सहा गाणी गायली. कॅमेरे निमूटपणे जवळ बसून राहिले. साडेचार महिन्यांनी तो गेला. स्कॉटी मूरकडून गिटार मागून घेणाऱ्या एल्व्हिसनंतर माझ्या मापाला पुरे पडलेले असे हे दुसरे.

एक गोष्ट राहिली. बी.बी.सी.ने त्या काळच्या अनेक फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले. बोवीने जानेवारी १९७३ मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर ओठ न हलवता, खरोखर गाऊन सादर केलेले एक गीतही असेच नष्ट झाले असे सर्वांनी धरले होते. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे असलेल्या जॉन हेन्शल यांनी स्वतःसाठी एक प्रत करून ठेवली होती. ती २०११ मध्ये उजेडात आली. मुंबईच्या धोबी तलावावरील रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे होत, आणि त्या गर्दीत खांद्यावर व्हिडिओ-कॅमेरा घेतलेला एखादा हौशी माणूस मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी प्रत्येकीवरची चिठ्ठी एकदा वाचून पाहावी, आणि चिठ्ठी नसेल तर कॅसेट लावून पाहावी.