जेथे मुक्काम, तेथे पर्व

श्रावण सरत आला की घराघरांत रजेचे हिशेब सुरू होतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बारामती या भागांतून नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद किंवा गुरुग्रामला गेलेल्या तरुण कुटुंबांना पर्युषण, दशलक्षण आणि दिवाळी ही अवघ्या दोन-अडीच महिन्यांत येणारी पर्वे मोजक्या रजेत बसवायची असतात. दशलक्षणाकरिता सलग दहा दिवस रजा मिळणे दुरापास्तच. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे दिवाळीच्या तिकिटांसाठी ऐन पर्युषणाच्या सुमारास धावपळ करावी लागते. परदेशात असणाऱ्यांचा विचार तर विमानाच्या भाड्यापाशीच थांबतो. अखेर बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो : दिवाळीला गावी जायचे, पर्युषणाला येथेच राहायचे. आणि 'येथेच' राहून करावयाचे पर्व नकळत मनातून वजा होते. संध्याकाळी गावाकडे फोन होतो, मंदिरातील आरती पडद्यावर पाहिली जाते आणि दिवस संपतो.

या वजाबाकीचा परिणाम आईवडिलांवर फारसा होत नाही. त्यांच्यापाशी बालपणाची शिल्लक असते. पहाटेचा अभिषेक, आजीची स्वयंपाकघरातील सोवळ्याची लगबग, मंदिराच्या फरशीचा पायांना लागणारा गारवा हे सारे त्यांच्यात मुरलेले असते. परिणाम होतो तो मुलांवर. ज्या शहराला आईवडील परके मानतात ते मुलांना परके नसते. त्यांचे घर तेच. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत दहा दिवाळ्या येतात. त्यांतील निम्म्या गावी झाल्या, तरी पाच भाड्याच्या सदनिकेत होतात. पर्युषणे तर बहुधा दहाही तेथेच होतात. ही सारी वर्षे कोरी गेली, तर धर्म ही आजी-आजोबांच्या घरी ठेवलेली, सुटीत जाऊन पाहून यावयाची वस्तू आहे अशी मुलाची समजूत होते. पुढे ते घर बंद झाले म्हणजे काय उरणार, हा प्रश्न म्हणूनच आजच विचारावयास हवा.

शब्दातच असलेले उत्तर

'पर्युषण' या शब्दाच्या मुळाशी 'वस्' म्हणजे राहणे हा धातू आहे. पावसाळ्यात सर्वत्र सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते. चालताना त्यांची हिंसा होऊ नये म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून चार महिने एका ठिकाणी मुक्काम करतात. हा मुक्काम त्यांच्या जन्मगावी असतो असे नाही. घर तर त्यांनी केव्हाच सोडलेले असते. ज्या गावी चातुर्मास, त्या गावचे श्रावक त्यांच्याभोवती जमतात आणि तेथे पर्व उभे राहते. पर्युषणाच्या आरंभी घरी परतण्याची ओढ नसून आहे तेथे सावधपणे राहण्याचा नियम आहे. गावी जाता आले नाही म्हणून हळहळणाऱ्या कुटुंबाने हा अर्थ ध्यानात घेतला, तर 'येथेच राहायचे' या निर्णयातील उणेपणा बराचसा कमी होईल.

दिवाळीच्या कथेतही दूर असलेली एक व्यक्ती आहे. कार्तिकी अमावास्येला पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले, तेव्हा त्यांचे पट्टशिष्य गौतमस्वामी जवळ नव्हते. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार भगवंतांनीच त्यांना देवशर्मा नावाच्या ब्राह्मणास उपदेश करण्यासाठी दुसऱ्या गावी पाठविले होते. निर्वाणाची वार्ता कळताच गौतमस्वामींनी आकांत केला. अखेरच्या क्षणी आपल्यालाच दूर का ठेवले, असे त्यांना वाटले. त्या शोकातूनच, आपल्याला अडविणारा तो सान्निध्याचा राग होता, हे त्यांना उमगले आणि केवलज्ञान झाले. नूतन वर्षाच्या सकाळी गौतमस्वामींचे स्मरण करण्याची प्रथा या कथेतूनच आली. दूर राहणाऱ्या घरात दिवाळीला सांगण्यासारखी याहून जवळची कथा नाही.

अंतर जुनेच आहे

पर्व आणि अंतर यांची गाठ आजच पडली, असेही नाही. पर्युषणानंतर दूरच्या आचार्यांची क्षमा मागणारी आणि त्यांना पुढील चातुर्मासाचे निमंत्रण देणारी विज्ञप्तिपत्रे पाठविण्याची रीत श्वेतांबर संघांत अनेक शतके होती. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये गुजरातेत असलेल्या विजयसेनसूरींना पाठविलेले असे सचित्र विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. त्यातील चित्रे शालिवाहन या चित्रकाराची असून, पर्युषणात जीवहत्या न करण्याविषयी जहांगीर बादशहाने काढलेल्या फर्मानाचा प्रसंग त्यांत रंगविला आहे. आपल्या गावी पर्व कसे पार पडले, ते दूर असलेल्या पूज्य व्यक्तीला सविस्तर कळवावे, ही कल्पना चारशे वर्षांहून जुनी आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील कुटुंबांना तर दुसरेही उदाहरण ठाऊक असते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या जैन सभेने, म्हणजे आजच्या दक्षिण भारत जैन सभेने, कोल्हापूर, सांगली यांसारख्या शहरांत विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढली. खेड्यांतील मुले शिक्षणासाठी आईवडिलांपासून दूर तेथे राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शिक्षणही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून झाले. घराबाहेर पडल्यावर आपले आचार टिकविण्यासाठी घराच्या जागी काहीतरी उभे करावे लागते, हे त्या पिढीने ओळखले होते. आज ती जबाबदारी दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या दोन नोकरदार माणसांवर आली आहे, इतकाच फरक.

काय धरावे, काय सोडावे

मात्र येथे एक चूक फार घरांत होते. गावच्या पर्वामागे आजी, काकू, मंदिरातील पंडित आणि शेजारच्या चार घरांचे हात असत. ते सारे एकट्याने उभे करण्याचा हट्ट धरला, तर भार घरातील तरुण स्त्रीवर पडतो. कार्यालयातून थकून आल्यावर पाच पदार्थ, शोधाचा स्वयंपाक, पूजेची तयारी आणि सासर-माहेर दोन्हीकडचे फोन! अशा दिवसाची अखेर चिडचिडीत झाली, तर मुलाच्या आठवणीत पर्व राहते ते भांडण म्हणून. तेव्हा पती-पत्नींनी अगोदर बसून ठरवावे : प्रत्येक पर्वातील एकच गोष्ट निवडायची, ती दरवर्षी न चुकता करायची आणि तिची कामे दोघांनी वाटून घ्यायची. दोघांच्या घरच्या रीती वेगळ्या असतील, तर एक याची आणि एक तिची. नव्या घराची रीत अशीच तयार होते.

दशलक्षणात निवड सोपी आहे. दहा दिवस, दहा धर्म. रात्री निजण्यापूर्वी पाव तास सर्वांनी एकत्र बसून त्या दिवसाच्या धर्माविषयी बोलावे. मार्दव म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलाला व्याख्येने कळणार नाही. पण खेळात जिंकल्यावर हरलेल्या मित्राला न चिडविणे त्याला कळते. आर्जवाच्या दिवशी फुटलेल्या कपाची खरी हकीकत सांगणे कळते. तत्त्वार्थसूत्राचेही दहाच अध्याय आहेत. दशलक्षणात रोज एक अध्याय वाचण्याची दिगंबर परंपरा घरातही चालविता येते.

दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू हे एक काम धरावे. बेसन तुपावर मंद भाजून केलेला एक लाडू पुरतो. मंदिर जवळ असेल तर तेथे, नसेल तर घरच्या प्रतिमेसमोर तो मुलाच्या हातून अर्पण करावा. अक्षय्य तृतीयेला भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची कथा उसाच्या रसासह सांगावी. ऊस मिळत नसेल तेथे गुळाच्या पाण्याचा पेला समोर ठेवूनही हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाचे दान सांगता येते. रक्षाबंधनाला सातशे मुनींचे उपसर्गातून रक्षण करणाऱ्या विष्णुकुमार मुनींची कथा सांगावी आणि चुलत-मामे भावंडे जवळ नसतील, तर शेजारच्या मुलांना बोलवावे. मुलाकडे काम असले की पर्व त्याचे होते. नुसते पाहावयास बसविले तर ते आईवडिलांचेच राहते.

सूर्य आणि तिथी

दूरच्या कुटुंबांची खरी अडचण घड्याळाची असते. महानगरात सहा वाजता कार्यालयातून निघालेला माणूस सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचत नाही. पर्वाच्या दिवसांत संध्याकाळचा डबा सोबत नेऊन साडेपाचला तेथेच जेवणे हा साधा उपाय अनेकजण करतात. परदेशात हे गणित ऋतूनुसार बदलते. लंडनमध्ये सप्टेंबरच्या आरंभी सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. पर्युषणातील संध्याकाळचे भोजन तेथे पुण्याहून निवांत होते. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र सव्वाचारलाच अंधार पडू लागतो, म्हणून उशिरा येणाऱ्या दिवाळीत दुपारच्या भोजनातच पर्वाचा बेत ठेवावा लागतो.

तिथीचेही तसेच. ती स्थानिक सूर्योदयावरून ठरत असल्याने भारतातील आणि अमेरिकेतील पर्वाचा दिवस कधीकधी वेगळा येतो. अशा वेळी गावच्या दिनदर्शिकेशी वाद न घालता तेथील जैन केंद्राने जाहीर केलेला दिवस पाळावा. आकाशही राहत्या जागेचेच प्रमाण मानावयास सांगते.

ही केंद्रे दूरच्या कुटुंबांचा मोठा आधार आहेत. इंग्लंडमधील लेस्टर येथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या जैन केंद्रात श्वेतांबर आणि दिगंबर मंदिरे एकाच छताखाली आहेत. उत्तर अमेरिकेतील अनेक केंद्रांत श्वेतांबरांचे आठ आणि दिगंबरांचे दहा असे अठरा दिवस सर्वजण मिळून पाळतात. गावी जे दोन पंथ दोन गल्ल्यांत राहिले, ते दूर गेल्यावर एका सभागृहात बसले. दूर राहणाऱ्या मुलांना हा अनुभव गावच्या मुलांपेक्षा अधिक सहज मिळतो; हेही जमेच्या बाजूला मांडले पाहिजे.

वडीलधाऱ्यांचा वाटा

गावाकडील आजी-आजोबांच्या हातीही पुष्कळ आहे. 'तुम्ही नाहीत, तर आमची कसली दिवाळी?' या वाक्यामागे माया असते. परंतु पलीकडे ते अपराधासारखे ऐकू येते. त्याऐवजी नातवंडाला एक प्रश्न विचारावा : 'आज तुमच्याकडे काय केलेत?' ऑक्टोबरमध्ये गावी पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा न्यूजर्सीत आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. गावच्या मंदिरातील निर्वाण लाडू पाहूनच तेथील मूल झोपी जाऊ शकते आणि उठल्यावर स्वतःचा लाडू अर्पण करू शकते. प्रकृती साथ देत असेल, तर दरवर्षी मुलांनाच बोलावण्यापेक्षा एखादे पर्युषण आजी-आजोबांनी त्यांच्या घरी जाऊन करावे. मात्र तेथे गेल्यावर स्वयंपाकघराची तपासणी करू नये. त्या घराने जेवढे धरले आहे तेवढ्यात सामील व्हावे आणि विचारल्यावर आणखी सांगावे.

एक फोन

पर्वाची सांगता क्षमापनेने होते. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' किंवा दशलक्षणानंतर 'उत्तम क्षमा' असा तयार संदेश दोनशे जणांना एका क्षणात जातो. त्यात वावगे काही नाही. पण ज्याची क्षमा मागावयास हवी, तो त्या दोनशेंत बहुधा नसतो.

दूर राहण्याने अनेक घरांत एक अबोला निर्माण झालेला आहे. गावी राहिलेला भाऊ म्हणतो, 'आईवडिलांचे दुखणेखुपणे आम्हीच काढले.' दूर गेलेला म्हणतो, 'मी पैशांना कधी कमी पडलो नाही.' दोघांचेही बोलणे खोटे नसते, म्हणूनच कोणी पुढे येत नाही. एकाच गावात असते, तर मंदिराच्या पायरीवर केव्हातरी समोरासमोर आले असते. अंतरामुळे तो योग टळतो आणि वर्षे निघून जातात.

दूर राहणाऱ्या कुटुंबाने क्षमापनेच्या दिवशी असा एक फोन जरूर करावा. हिशेब न काढता, कारण न सांगता, 'दादा, माझ्याकडून बोलण्यात, वागण्यात जे चुकले असेल त्याची क्षमा असावी,' एवढेच म्हणावे. पलीकडून लगेच उत्तर येईलच असे नाही. पण त्या वेळी मूल जवळ असू द्यावे. आपले वडील आपल्या मोठ्या भावापुढे नम्र होतात, हे त्याने आपल्या घरात, त्या परक्या म्हटलेल्या शहरात पाहिलेले असेल. आणि दहा दिवस ज्या क्षमेविषयी ऐकले, ती कशी मागतात हे त्याला कळलेले असेल.