मोबाईलवरून बूट मागवताना

ऊर्जानगरात बूटही आता मोबाईलवरून येतात. आम्ही सांगतो, पाय संध्याकाळी मापा; दिवसभरात, त्यात चंद्रपूरच्या उन्हात, तो फुगतो. मोजे घालून कागदावर उभे राहा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पायांतला मोठा धरा आणि नंबरापेक्षा तक्त्यातले सेंटिमीटर बघा. यूके ८ म्हणजे यूएस ८ नव्हे.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या २०२१-२२ च्या पाहणीत भारतीयांचे पाय युरोपीयांपेक्षा रुंद आढळले. म्हणून लांबी जमूनही चवडा आवळतो. रुंद बूट शोधा.

मधुमेह असलेल्यांनी 'दुखत नाही' यावर विसंबू नये. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही, जखम चिघळते. नवा बूट घरातच अर्धा तास घाला, मग पाय बघा. लाल चट्टा दिसला तर बूट परत पाठवा.