आधी लाकूड, मग पाना

मराठी मुलखात एक्स्कॅव्हेटर हा शब्द फक्त बिलावर असतो. कुठल्याही कंपनीचं असो, चेनवर चालणारं खोदकामाचं मशीन म्हणजे पोकलेन. हे नाव पोक्लँ या फ्रेंच कंपनीचं. आपल्याकडे ते इतकं रुजलं, की विहीर खोदायची असो, शेततळं घ्यायचं असो की नाला खोल करायचा असो, गावात पहिला प्रश्न येतो तो ‘पोकलेन कधी येणार?’ हाच.

लोक बघतात ते बकेटकडे. मला लिहायचंय ते मशीनच्या पायांबद्दल आणि ते पाय दुरुस्त करताना एवढं वजन उचलून धरणाऱ्या कसबाबद्दल.

चेनची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळच्या दलदलीच्या जमिनीत वाफेच्या ट्रॅक्टरची चाकं रुतायची. बेंजामिन होल्ट यांनी चाकांच्या जागी लाकडी पट्ट्यांची चेन बसवली आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी तो ट्रॅक्टर चालवून पाहिला. आपला रस्ता आपणच पुढे अंथरायचा आणि मागून गोळा करायचा, अशी ही युक्ती. आज लाकडाच्या जागी पोलाद आलंय. एका बाजूला चाळीस-पन्नास चेनप्लेटा, खाली सात ते नऊ रोलर, वर एक-दोन, पुढे आयडलर, मागे स्प्रॉकेट. हे सगळं सतत एकमेकांवर घासत असतं आणि देखभालीच्या खर्चातला जवळपास निम्मा वाटा हे पायच खातात. त्यात आपला दख्खनचा काळा पाषाण. खडीच्या खाणीत चेन झिजते ती डोळ्यांना दिसेल अशी.

अशाच एका खाणीत, मे महिन्याच्या उन्हात, एक रोलर बदलताना मी पाहिला. रोलरचं सील गेलं होतं, चेनच्या आतल्या बाजूला तेलाचा काळा ओघळ उतरला होता. मशीन वीस टनी. मिस्त्रींनी आधी खाणीतली जागाच नाकारली आणि मशीन दाबलेल्या, सपाट मुरमावर आणायला लावलं. मग ऑपरेटरने वरचा भाग नव्वद अंशात फिरवून बूम आजारी चेनच्या बाजूला घेतली. बूम आणि आर्म यांच्यात काटकोनाहून किंचित जास्त कोन. कंपन्यांची पुस्तकंही ९० ते ११० अंश सांगतात. बकेटचे दात नव्हे, तिची गोल पाठ जमिनीवर टेकवली, कारण दात रुततात आणि सरकतात. बूम हळूहळू खाली दाबली, तशी त्या बाजूची चेन जमीन सोडून वर आली. मशीनने स्वतःच्याच हाताने स्वतःचा पाय उचलला होता. कितीही वेळा पाहिलं तरी या क्षणाला माझा श्वास अडकतोच.

हेल्पर पोरगा पाना घेऊन पुढे सरकला. “मामा, पाच मिनिटांचं काम आहे, घालू का हात?”

“आधी लाकूड आण. मग पाना.”

या पाच शब्दांत सगळं आलं. ते वजन त्या घडीला तेलाच्या दाबावर तोललेलं असतं. होज फुटला, लिव्हरला चुकून कोपर लागलं, तर सावरायला वेळच मिळत नाही. काहीच बिघडलं नाही तरी व्हॉल्व्हच्या आतून तेल थोडं थोडं झिरपतं आणि मशीन नकळत बसत जातं. मिस्त्रींनी बूम सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर, सीलच्या अगदी कडेला, मार्करने रेघ मारली. सगळ्यांना लांब उभं केलं, विड्यापाण्याचा वेळ जाऊ दिला आणि पोराला बोलावून दाखवलं: रेघ सीलपासून बोटभर पुढे सरकली होती. तेवढं मशीन खाली आलं होतं. पोराने पाना खाली ठेवला.

लाकूड म्हणजे रेल्वेचे जुने स्लीपर. दोन आडवे, त्यावर दोन उभे, अशी चळत ट्रॅक फ्रेमच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली रचतात. बुडाची रुंदी असेल त्याच्या तिपटीहून उंच चळत चढवायची नाही. विटा नाहीत, सिमेंटचे ब्लॉक नाहीत. ते भार घेता घेता एकदम फुटतात. लाकूड आधी करकरतं, दबतं, माणसाला बाजूला व्हायला सांगतं. लोखंडावर लोखंड घसरतं; लाकूड पकड देतं. काळ्या मातीत मात्र चळतीखालीही जाड प्लेट हवी, नाहीतर पाऊस झाला की चळतच कलते. मशीन त्या चळतींवर अलगद बसवलं, पलीकडच्या चेनला अटकाव घातला, इंजिन बंद, सेफ्टी लिव्हर लॉक, चावी मिस्त्रींच्या खिशात. मगच माणूस फ्रेमजवळ गेला.

स्लीपर जड असतात. साइटवर न्यायचे तर गाडीत जागा खातात, म्हणून सगळ्यात आधी तेच मागे राहतात. मला याचा खरंच राग येतो. लाखोंचं मशीन पाठवणाऱ्याने आठ लाकडं पाठवायला काचकूच करू नये.

पुढचा धोका ग्रीसचा. चेन ढिली करायला अॅडजस्टरमधलं ग्रीस सोडावं लागतं आणि ते प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह एक फेरा, तोही सावकाश सोडायचा; तोंड समोर न्यायचं नाही. ग्रीस एकदम सुटलं तर कातडी भेदून आत जातं. मिस्त्री बाजूला उकिडवे बसले होते, मान वळवलेली, कान मात्र त्या फुसफुशीकडे. पिवळट ग्रीसची बारीक वेटोळी बाहेर आली, चेन सैलावली. जुना रोलर चाळीसेक किलोचा. पहारीने सरकवून दोघांनी बाहेर काढला.

नवा बसला, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. मशीन पुन्हा तसूभर उचललं, स्लीपर लांब पहारीने ओढून काढले, हाताने नाही. चेन हवेतच दोन फेरे फिरवली, थांबवली, फ्रेमच्या बुडापासून चेनप्लेटीपर्यंतचा झोळ टेपने मोजला. मशीन खाली टेकलं. पोराने न सांगता पहिला स्लीपर खांद्यावर घेतला आणि गाडीत चढवला.