दाताची फिल्म मोबाईलवरून धाडताना

उमरगा-लोहाऱ्याकडं कुणाची दाढ ठणकू लागली आणि काम गुंतागुंतीचं निघालं, की लातूरच्या दंत महाविद्यालयाची वाट धरावी लागते. पण एक्स-रे आधी व्हॉट्सॲपवर धाडला, तर जाणकार डॉक्टर पहिला अंदाज सांगू शकतात, एस.टी.चा एखादा हेलपाटा वाचतो. जर्मनीत वाल्कहोफ यांनी १८९६ साली दातांचा एक्स-रे घेतला, तेव्हा तोंडात काच धरून २५ मिनिटं बसावं लागलं होतं!

यात एक मेख आहे. फिल्म पारदर्शक असते. उलटी धरली की डावी बाजू उजवी होते, आणि भलतीच दाढ उपटली जाण्याचं भय. म्हणून तिच्या कोपऱ्यात बोटाला लागेल असा बारीक ठिपका उठवलेला असतो. त्याचा फुगीर भाग आपल्याकडे ठेवावा. मग रोगी समोर बसल्यासारखा दिसतो, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. शिवाय ‘खालची डावी, शेवटची दाढ’ असं अक्षरांतही लिहावं.

गुरुजी, हे काम गावात बहुधा तुमच्याकडेच येतं. फिल्म दुसऱ्या मोबाईलच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर धरा, फ्लॅश बंद ठेवा. साधा फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. मुळाच्या टोकाची काळी छटा पुसट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गावच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

जबड्याखाली सूज, गिळायला त्रास, तोंड उघडेना, ताप असेल, तर उत्तराची वाट न बघता रुग्णालय गाठावं.